फळ्यावर लिहिलेला भूमितीचा पेपर

शनिवारच्या पालकसभेत मी बोलायचं असं ठरलं होतं आणि विषय मुख्याध्यापिका बाईंनीच दिला होता: किशोरवयीन मुलांची नैतिक घसरण. मला तो विषय मनापासून पटला होता. सत्तावीस वर्षं चिकलठाण्याकडच्या एका शाळेत मी गणित शिकवत होते, त्यामुळं उदाहरणं शोधायला कुठं जावं लागलं नाही. वर्गात बाई आल्या तरी अर्धे उठत नाहीत. मैदानावर एक वाक्य शिवीशिवाय पुरं होत नाही. जिन्यात मोबाइल टेकवून मुली नाचतात आणि मधून कुणी गेलं तर वर म्हणतात, "मॅडम, जरा थांबा ना, रेकॉर्डिंग चालूय." गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी चार पानं लिहून काढली. माझे यजमान वाळूजच्या कारखान्यात आहेत. पहिली शिफ्ट करून ते दुपारीच आले होते, चहा घेता घेता त्यांनी पानं वाचली.

"लई कडक लिहिलंस," ते म्हणाले.

"खरं लिहिलंय."

"व्हय, पण सगळी पोरं अशीच हायेत का?"

मी म्हटलं, बहुतेक अशीच. आणि तसं मला खरोखर वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दहावीच्या सराव परीक्षेतला भूमितीचा पेपर होता. वेळ अकराची. मी सव्वानऊला शाळेत पोचले. स्कूटी स्टँडवर लावत होते तोच तिघं जण समोर येऊन उभे राहिले. एक आमच्या वर्गाची मॉनिटर, उंच, कायम घाईत असलेली मुलगी. दुसरा तो मुलगा, ज्याच्या शिव्यांवर मी आदल्या संध्याकाळी अर्धं पान खर्च केलं होतं. तिसरा एक चष्मेवाला, जो वर्गात कधीच बोलत नाही. तिघांचे डोळे जागरणानं लाल होते.

"मॅडम, पेपर आलाय," मॉनिटर म्हणाली.

"कुठं आलाय?"

"ग्रुपवर. वर्गाच्या."

तिनं मोबाइल पुढं केला. शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे, पण त्या क्षणी ते मला आठवलंही नाही. फोटोत माझंच अक्षर होतं. मी पेपर आधी हातानं लिहिते आणि मग तो ऑफिसात टाइप होतो. त्या हातानं लिहिलेल्या पानांचा तो फोटो होता. पानाच्या कडेला टेबलावरची काच दिसत होती, एका कोपऱ्यात तडा गेलेली. ती काच शिक्षकांच्या खोलीतली. म्हणजे फोटो कुणा मुलानं काढलेला नव्हता.

मी मोबाइल तिला परत दिला. "ग्रुपवर टाकला कुणी?"

चष्मेवाल्यानं हात वर केला, वर्गात करतात तसा.

"तुझ्याकडं कुठून आला?"

"ट्यूशनच्या ग्रुपवर आला होता, मॅडम. तिथं आम्ही दहा-बारा जणच आहोत. मग मला वाटलं, फक्त आम्हालाच मिळाला तर ते चुकीचं आहे. म्हणून सगळ्यांना टाकला."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. फुटलेला पेपर सगळ्यांना सारखा वाटून टाकायचा, असा न्याय त्यानं केला होता. रागवावं की हसावं ते कळेना.

"मग रात्रभर भांडण झालं," शिव्या देणारा म्हणाला. "काही जण म्हणत होते, आलाय तर करून टाकू. काही म्हणत होते, मॅडमला सांगू. लई राडा झाला. शेवटी हिनं मत घेतलं."

मॉनिटरनं तेही दाखवलं. ग्रुपवर तिनं प्रश्न टाकला होता: मॅडमना सांगायचं का. खाली तीन पर्याय होते. हो, नाही, आणि तिसरा, तुम्ही ठरवा माझं नाव नको. 'हो'ला निम्म्याहून थोडी जास्त मतं होती. 'नाही'लाही बरीच होती आणि ज्यांनी ती दिली होती त्यांची नावं तिथंच उघडी दिसत होती. कुणी लपवली नव्हती.

"तू कुठं मत दिलंस?" मी शिव्या देणाऱ्याला विचारलं.

"आधी 'नाही'ला दिलं होतं. पहाटे बदललं."

"का बदललं?"

त्यानं खांदे उडवले. "झोपच येईना, मॅडम."

मी मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत जवळजवळ पळतच गेले. त्यांनी फोटो पाहिला, डोळे मिटले, पुन्हा पाहिला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आता काय करता? होऊ द्या. बोर्डाची परीक्षा थोडीच आहे. उगीच बाहेर बोभाटा होईल."

"मुलांनी स्वतः येऊन सांगितलंय, बाई. आता तोच पेपर दिला तर आपण त्यांना काय शिकवलं?"

"अहो, पण साडेनऊ वाजलेत. नवा पेपर कधी काढणार, छापणार कधी? आणि लाइट पण नाही."

लाइट खरंच नव्हती. शुक्रवारी आमच्या भागात दुरुस्तीच्या नावाखाली ती बऱ्याचदा जाते. झेरॉक्सचं मशीन गप्प पडलं होतं.

"फळ्यावर लिहिते," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या स्वतः इतिहास शिकवायच्या, पण फळ्यावर भूमितीचा पेपर म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. दोन तुकड्या, दोन खोल्या, दोन फळे, आणि प्रत्येकावर आकृत्या. त्यांनी कपाटाची किल्ली काढली. मग म्हणाल्या, "खडू किती लागतील?"

पुढचा दीड तास माझ्या नोकरीतला सगळ्यात धावपळीचा होता आणि सांगायला हरकत नाही, सगळ्यात मजेचाही. मी ऑफिसातल्या बाकावर बसून कोरे कागद मांडीवर घेतले आणि प्रश्न उतरवत सुटले. समरूप त्रिकोणाचं एक, पायथागोरसवर एक, त्रिकोणमितीत आधीच्या पेपरातले दीपस्तंभ आणि जहाज नको म्हणून पाण्याची टाकी आणि गच्चीवर उभा माणूस. डोकं इतकं जोरात चाललं होतं की हात मागं पडत होता. सत्तावीस वर्षांत किती गणितं कुठं कुठं साठून राहिली होती, ती सगळी एकदम दारात येऊन उभी राहिली.

चित्रकलेचे सर कुठूनसं ऐकून आले. निवृत्तीला आलेले, मितभाषी गृहस्थ. म्हणाले, "आकृत्या मी काढतो." मी त्यांना लाकडी कंपास द्यायला लागले, तर त्यांनी तो घेतलाच नाही. फळ्यासमोर उभे राहिले, श्वास रोखला आणि खांद्यापासून हात फिरवून एका झटक्यात वर्तुळ काढलं. मी पट्टी लावून व्यास मोजला, आडवा आणि उभा. दोन्ही सारखे. शाळेची कामं करणाऱ्या मावशी खडूंचा डबा धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, ह्यो तर पोळपाटच की." एवढ्या गडबडीतही आम्ही तिघं हसलो.

अकरा वाजून सात मिनिटांनी दोन्ही फळे भरले. माझा पदर, हात, चष्मा, सगळं पांढरं झालं होतं. मुलं आत आली, फळा बघून एकमेकांकडं बघायला लागली. काहींचे चेहरे पडले, ते मला दिसलं. "नाही"वाले असणार. पण कुणी कुरकुर केली नाही. सगळे वाकून लिहायला लागले.

दहाएक मिनिटांनी शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. घटक चाचणीत नापास झालेली, गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघणारी. आवाज इतका बारीक की मला जवळ जावं लागलं.

"मॅडम, तिसऱ्यातला दुसरा. तो त्या पेपरात होता."

मी फळ्याकडं वळले. खरंच होता. बाह्यबिंदूतून वर्तुळाला काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात हे सिद्ध करा. घाईघाईत जुन्या पेपरातलाच प्रश्न मी जसाच्या तसा नव्यात उतरवला होता. वर्गातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. सगळ्यांनी तो वाचला होता, आणि माझी खात्री आहे, अनेकांनी रात्रीच पाठही केला होता.

"तुला येतो का हा?" मी विचारलं.

"हा एकच येतो," ती म्हणाली.

वर्ग हसला. वाईट हसणं नव्हतं ते. पुढून कुणीतरी म्हणालं, "अरे यार, क्यूं बताया," आणि त्याच्याच शेजारचा म्हणाला, "चूप बैठ, सही किया." मी डस्टर उचललं. पुसता पुसता मला जे आठवलं, ते त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

मी दहावीला होते तेव्हा आमचं गाव लासूर स्टेशनपासून चार कोसांवर होतं, परीक्षेचं केंद्र बाहेरगावच्या एका शाळेत. पेपरच्या दिवशी त्या शाळेच्या भिंतीवर माणसं बसलेली असायची, जत्रेला बसावीत तशी. खिडकीतून चिठ्ठ्या यायच्या आणि पर्यवेक्षक पाठ करून उभे राहायचे. भूमितीच्या पेपरला पाणी देणारा माणूस माझ्याजवळ आला, पेला बाकावर ठेवला आणि म्हणाला, "बाय, पाणी पी." पेल्याच्या बुडाला चिठ्ठी चिकटलेली होती. बाहेरून माझ्या काकांनी पाठवलेली. आत पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता होती, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मला ते प्रमेय अर्धंच येत होतं. मी चिठ्ठी मांडीवर ठेवली आणि उतरवून काढलं. चिठ्ठीतल्या आकृतीला प, फ, ब अशी अक्षरं होती, माझ्या आकृतीला अ, ब, क. ती बदलून लिहायची तेवढी अक्कल मला होती.

माझ्या शेजारच्या बाकावर आमच्याच गावची मुलगी होती. तिच्यापुढंही पेला आला. ती पाणी प्यायली, चिठ्ठीला हात लावला नाही. ती नापास झाली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी पास झाले, पुढं शिकले, गणिताचीच शिक्षिका झाले. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. यजमानांनासुद्धा नाही.

आता पंधरा वर्षांची एक मुलगी, जिला एकच प्रमेय येत होतं, तेच पुसायला मला सांगत होती. त्या जागी मी चक्रीय चौकोनाचं प्रमेय लिहिलं. संमुख कोन परस्परांचे पूरक असतात हे सिद्ध करा. मग दुसऱ्या खोलीत धावत जाऊन तिथलंही पुसलं.

पेपर संपल्यावर मी उत्तरपत्रिका बांधत होते तेव्हा आमचे एक तरुण सहकारी दारात आले. विज्ञान शिकवायचे आणि घरी ट्यूशन घ्यायचे. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. ते आत येईनात, दाराची चौकट धरून उभे राहिले.

"मॅडम, फोटो मी काढला होता."

मला अंदाज आला होता. हातातली दोरी मी खाली ठेवली.

"आपल्या मुलांना चांगले मार्क पडले तर त्यांचा आत्मविश्वास वाढेल, असं वाटलं. सरावच तर आहे म्हटलं." मग खाली बघत म्हणाले, "तो चष्मेवाला सकाळी घरी आला होता. साडेसातला. म्हणाला, सर, आम्ही मॅडमना पेपरचं सांगणार आहोत. तुमचं नाव नाही घेणार. ते तुम्हीच सांगा."

"असं म्हणाला?"

"हो. आणि शेवटी सॉरी म्हणाला. तोच मला सॉरी म्हणाला, मॅडम."

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. बाईंकडं आम्ही दोघं बरोबरच गेलो. बाई त्यांना लागेल असं बोलल्या. त्या वर्षी परीक्षेच्या कामातून त्यांना बाजूला ठेवलं आणि त्यांनी ते मुकाट्यानं मान्य केलं. ट्यूशन त्यांनी आपण होऊन बंद केली. आज ते आमच्याच शाळेत आहेत, चांगलं शिकवतात.

शनिवारी पालकसभा होती. हॉल भरलेला. मागं भिंतीला टेकून दहावीची मुलंही उभी होती. ती चार पानं माझ्या हातात होती. मी पहिलं वाक्य वाचलं आणि थांबले. दुसरं वाचवेना. पानं टेबलावर उलटी ठेवली आणि काल काय झालं ते सांगायला लागले. पेपर कुणी फोडला ते सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की मुलांनी फोडला नव्हता. मग, का कोण जाणे, थांबता येईना. पाण्याच्या पेल्याचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं. माझा आवाज चढला होता, पण इतकं मोकळं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढच्या रांगेतले एक वडील उठले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर आठ्या. "मॅडम, तुमचा मोठेपणा आहे, पण पोरांसमोर असं सांगू नये. उद्या हीच पोरं म्हणतील, मॅडमनीबी कॉपी केली होती."

"म्हणू दे की," मी म्हटलं. "खोटं नाही म्हणणार."

"मग आम्ही घरी काय सांगायचं? आमच्या वेळेला असं नव्हतं, हे म्हणायचं का नाही?"

मागून एक बाई बोलल्या, बसूनच. "आमच्या वेळेला काय नव्हतं, दादा? माझा भाऊ भिंतीवर चढला होता माझ्यासाठी. पाय मोडून घेतला." हॉलमध्ये हसू पसरलं. ते वडीलही नाइलाजानं हसले. आणि मग एकेक जण बोलायला लागलं. कुणाच्या मामानं पेपर लिहिला होता, कुणी पुस्तकच आत नेलं होतं. एक आई उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या पोरानं त्या ग्रुपवर 'नाही'ला मत दिलं होतं. सांगू नका म्हणून. काल जेवताना त्यानंच सांगितलं. म्हणाला, मम्मी, मी चुकीचा होतो का? मी म्हटलं, व्हय. तर म्हणाला, मला पण तसंच वाटायलंय." मागं भिंतीपाशी एका मुलाचे कान लाल झाले.

घसरण होतेय की नाही, यावर सभेत काही ठराव झाला नाही. मला कुणी थेट विचारलं असतं तर मीही सांगू शकले नसते. शिव्या आहेत, उद्धटपणा आहे, ते मोबाइल तर आहेतच. पण आमच्या भिंतीवर जत्रा भरली होती तेव्हा, मॅडमना सांगायचं का, यावर मत घ्यायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. घरी जाऊन मी यजमानांना चिठ्ठीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "एवढी वर्षं एकटीनं धरून बसलीस व्हय," म्हणाले, आणि भाजी चिरायला माझ्या शेजारी येऊन बसले.

पुढच्या आठवड्यात पेपर तपासून दिले. निकाल यथातथाच होता. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीला चाळीसपैकी तेरा पडले होते. पास व्हायला चौदा लागतात. तो एक मार्क देण्याचा मोह मला किती झाला ते माझं मलाच माहीत. पण तिनं जे केलं ते मार्कासाठी केलं नव्हतं, आणि तसा मार्क दिला असता तर त्याला किंमत राहिली नसती. मी तेराच ठेवले.

त्यांच्या खेळाच्या तासाला मी वर्गात एकटीच बसले होते, तेव्हा ती उत्तरपत्रिका घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आदळली.

"मॅडम, इथं दोन मार्क का कापले?"

चक्रीय चौकोनाचं प्रमेय होतं ते. तीनपैकी मी एक दिला होता. पुस्तकातली सिद्धता शोधत घाईत तपासलं होतं आणि ती काही दिसली नव्हती.

"पुस्तकातल्यासारखं नाहीये हे."

"पुस्तकातलं येत नव्हतं मला. पण हे चुकीचं कसं? बघा ना नीट."

मी नीट बघितलं. तिनं वर्तुळाच्या केंद्रातून चारही शिरोबिंदूंना त्रिज्या काढल्या होत्या. त्यामुळं चौकोनात चार त्रिकोण झाले होते, सगळे समद्विभुज. प्रत्येकाचे पायाजवळचे दोन कोन सारखे, म्हणून तिनं एकेका जोडीला एकच खूण केली होती: टिंब, फुली, रेघ, गोल. आणि खाली मोडक्यातोडक्या वाक्यांत लिहिलं होतं की समोरासमोरच्या कोनांत टिंब, फुली, रेघ, गोल सगळे एकेकदाच येतात, म्हणजे चौकोनाच्या तीनशेसाठचे निम्मे. मी दोनदा वाचलं. असं तिला मी शिकवलं नव्हतं, कुणीच शिकवलं नव्हतं.

"हे तुला कुठून सुचलं?"

"तिथंच. परीक्षेत. दुसरं काही येत नव्हतं, मग बघत बसले."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पण केंद्र चौकोनाच्या बाहेर गेलं तर?"

ती थांबली. फळ्याकडं गेली, खडू घेतला, वेडंवाकडं वर्तुळ काढलं, त्यात एका बाजूला सरकलेला चौकोन काढला आणि कपाळाला हात लावला. "तिथं अडकतंय."

"म्हणून तीन नाही. दोन."

"म्हणजे चौदा?"

मी लाल पेनानं एकाचे दोन केले, तेराचे चौदा केले आणि सही केली. तिनं उत्तरपत्रिका ओढून घेतली, थँक्यू वगैरे काही म्हणाली नाही, आणि व्हरांड्यातून किंचाळत पळत सुटली. मला उठून बाहेर जावं लागलं आणि दुसऱ्या वर्गांचे तास चालू आहेत हे तिला ओरडून सांगावं लागलं.